अंगठा खरा, पण व्यवहार?

गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीसारख्या भागांत बँक दूर. बँक मित्राच्या (बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या) यंत्रावर अंगठा ठेवला, तो आधारशी जुळला की पैसे हातात. ओटीपी नाही, पिन नाही. त्यामुळेच सिलिकॉनचे नकली ठसे वापरणाऱ्यांचे फावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे का, हे तपासणारी दुहेरी पद्धत आणली. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार बँकांनी यंत्रचालकाच्या, म्हणजे बँक मित्राच्या, वागणुकीवरही नजर ठेवायची: ठिकाण, व्यवहारांची संख्या, वेग. तीन महिने निष्क्रिय राहिलेल्या चालकाची केवायसी पुन्हा. मात्र तेंदूपानांच्या हंगामानंतर मजुरी आली की इथले व्यवहार एकदम वाढणारच. शहरी मापाची चाळणी त्यांनाही संशयित ठरवेल.

नकली ठशांपासून बचावासाठी आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते. पैसे गेल्यास लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.