दहा हजारांचा आकडा

फोनमधल्या बऱ्याच ॲपमध्ये रोजच्या 10,000 पावलांचं लक्ष्य आयतंच भरलेलं असतं. हा आकडा मुळात संशोधनातून आलेला नव्हेच. 1965 मध्ये जपानात 'मानपो-केई' नावाचं पाऊलमापक विकायला आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. विक्रीसाठी सोयीचा ठोकळ आकडा तो!

तेव्हा आधी आठवडाभर नेहमीसारखं चाला आणि सरासरी बघा. 3,800 आली, तर सेटिंगमध्ये जाऊन लक्ष्य 4,500 करा. जमलं की वाढवा. फोन ओट्यावर ठेवून स्वयंपाकघरात केलेली पायपीट मात्र हिशोबात येत नाही. रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याचा आलेख पाहावा. रविवारी लोळत पडलात, तरी त्यात फारसं बिघडत नाही.