निधनानंतर ७७ वर्षांनी विक्रम! बेसबॉलमधला ०.४६६ हा आकडा नेमका आला कुठून?

९९.९४ म्हटलं की क्रिकेटवाल्यांना ब्रॅडमन आठवतात. बेसबॉलमध्ये असाच मान एका मोसमातल्या सर्वोच्च फलंदाजी सरासरीला आहे. मे २०२४ पर्यंत हा विक्रम ह्यू डफी यांच्या नावावर होता: १८९४, बोस्टन, ०.४४०. मग अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने आपली नोंदवही बदलली आणि जॉश गिब्सन पहिल्या क्रमांकावर आले. १९४३, होमस्टेड ग्रेज संघ, सरासरी ०.४६६. गिब्सन यांचं निधन जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी झालं होतं.

ही सरासरी काढतात कशी?

इथे धावांचा संबंध नाही. चेंडू टोलवून फलंदाज सुरक्षितपणे बेसवर पोहोचला की एक 'हिट'. एकूण हिट भागिले एकूण 'ॲट बॅट', म्हणजे हिशेबात धरलेल्या संधी. दहापैकी तीन वेळा यश, म्हणजे ०.३००, मिळवणारा फलंदाज आजही स्टार ठरतो. जुन्या दोन लीगमध्ये ०.४०० चा टप्पा शेवटचा गाठला टेड विल्यम्स यांनी, १९४१ मध्ये (०.४०६).

मग गिब्सन इतकी वर्षं यादीत का नव्हते?

कारण ते कृष्णवर्णीय होते. मेजर लीगची दारं १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत अशा खेळाडूंना बंद होती. ते वेगळ्या 'निग्रो लीग'मध्ये खेळत. १९२० ते १९४८ दरम्यानच्या अशा सात लीगना डिसेंबर २०२० मध्ये 'मेजर' दर्जा मिळाला. इतिहास अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतली स्कोअरकार्डं चाळून जमवलेली २,३०० हून अधिक खेळाडूंची आकडेवारी २०२४ मध्ये अधिकृत झाली. आता दुसऱ्या क्रमांकावरही डफी नाहीत, तिथे १९२९ चे चिनो स्मिथ आहेत (०.४५१).

आक्षेप काय?

या लीगचे मोसम छोटे, साधारण ६० च्या आसपास सामन्यांचे. सॅम्पल लहान असलं की टोकाचे आकडे जास्त दिसतात, हे गणित बरोबरच आहे. पण २०२० मध्ये करोनामुळे मेजर लीगचा मोसमही ६० सामन्यांचाच झाला. त्यात ०.३६४ सरासरीने अव्वल ठरलेल्या डीजे लमेह्यू यांचा किताब रद्द झाला नाही. किमान किती वेळा फलंदाजीला यायला हवं, याचा निकषही दोघांना एकच: संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ वेळा.

आणि डफींचा विक्रम तरी कुठे 'शुद्ध' होता? १८९३ मध्ये पिचरला ६० फूट ६ इंचांवर मागे नेलं गेलं. फलंदाजांची चंगळ झाली. १८९४ मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरीच ०.३०९ होती! त्यावर वाद घालताना फारसं कुणी दिसत नाही.

निग्रो लीगच्या सगळ्याच सामन्यांची स्कोअरकार्डं अजून मिळालेली नाहीत. नवी सापडली की आकडे दुरुस्त होतील, त्यामुळे हा ०.४६६ सुद्धा थोडा वर-खाली सरकू शकतो.