‘केम’च्या शेजारी ‘टुमारो’

‘इफ शी केम टुमारो, वुई वुड सेलिब्रेट.’ वाक्य अगदी शुद्ध आहे. पण जरा नीट बघा: ‘केम’ हे भूतकाळाचं रूप आणि त्याला खेटून ‘टुमारो’! उद्याच्या गोष्टीला कालचं क्रियापद, आणि इंग्रजी व्याकरणाला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

खुबी अशी, की इथे भूतकाळ काळ सांगतच नाही; गोष्ट वास्तवापासून किती लांब आहे ते सांगतो. ‘इफ शी कम्स’ म्हटलं, की ती येण्याची शक्यता मोकळी. ‘इफ शी केम’ म्हटलं, की बोलणाऱ्याला तिच्या येण्याचा फारसा भरवसा नाही. ‘इफ शी हॅड कम’ म्हटलं, की विषयच संपला, ती आलेली नाही. क्रियापद एकेक पायरी मागे सरकतं आणि प्रत्येक पायरीगणिक गोष्ट खरेपणापासून दूर जाते. फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल असे शाळेत घोकलेले तीन साचे म्हणजे ही एकच चाल. ‘इफ आय हॅड हॅड टाइम’मध्ये हॅड दोनदा येतो तोही याच चालीमुळे: पहिला वाक्याला मागे ढकलतो, दुसरा ‘वेळ असणं’ सांगतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कल्पनेतल्या गोष्टींसाठी क्रियापदाची निराळी रूपं होती. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले, बहुतेक रूपं एकमेकांसारखी झाली आणि न घडलेल्याचं ओझं भूतकाळाच्या खांद्यावर आलं. त्या जुन्या व्यवस्थेचा एक अवशेष आजही रोजच्या बोलण्यात आहे: ‘इफ आय वेअर यू’. एरवी ‘आय’बरोबर ‘वॉज’ येतो, इथे मात्र ‘वेअर’!

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘उद्या पाऊस पडला तर सहल रद्द होईल’ असं आपण सहज म्हणतो. ‘पडला’ हा भूतकाळच की! इंग्रजी मात्र इथे साधा वर्तमानकाळ वापरते: ‘इफ इट रेन्स टुमारो’. ‘इफ इट विल रेन’ चुकतं, कारण ‘विल’ची जागा परिणामाच्या अर्ध्यात आहे. ‘इफ यू विल वेट हिअर’ मात्र चालतं; तिथला ‘विल’ भविष्यकाळाचा नसून ‘थांबाल का?’ अशा विनंतीचा आहे.

मराठी माणूस खरा अडखळतो तो न घडलेल्या गोष्टीपाशी. ‘मला कळलं असतं, तर मी आलो असतो.’ दोन्हीकडे ‘असणे’चं तेच रूप, वाक्य कसं तोललेलं! हाच तोल इंग्रजीत नेला, की ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ तयार होतं. प्रमाण इंग्रजीला असा तोल नको असतो. अटीच्या अर्ध्यात ‘हॅड नोन’, परिणामाच्या अर्ध्यात ‘वुड हॅव कम’.

आणि दोन अर्धे एकाच काळात असायलाच हवेत असंही नाही. ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन लंडन नाऊ.’ अट कालची, परिणाम आजचा. नोकरी धरली नाही आणि माणूस लंडनलाही नाही. या दोन्ही गोष्टी कळल्या, तरी सबंध वाक्यात नकाराचा एक शब्द नाही!