तोंडातले पाहुणे फुप्फुसात

फुप्फुसं निर्जंतुक असतात, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. प्रत्यक्षात झोपेत आपण सगळेच थोडी थोडी लाळ श्वासनलिकेत ओढतो आणि तिच्यासोबत तोंडातले जीवाणू खाली उतरतात. निरोगी फुप्फुस त्यांना बहुतेकदा हुसकावून लावतं.

यातली एक जोडी मला फार विलक्षण वाटते. स्ट्रेप्टोकोकस साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतो. व्हेलोनेलाला साखर पचत नाही, तो त्या आम्लावरच जगतो. एकाचं उष्टं, दुसऱ्याचं जेवण! न्यूयॉर्कमध्ये लिओपोल्डो सेगल यांच्या गटाला फुप्फुसाचा कर्करोग असलेल्यांच्या खालच्या श्वासमार्गात ही मंडळी जास्त आढळली. मग 2021 मध्ये त्यांनी कर्करोग असलेल्या उंदरांच्या फुप्फुसात व्हेलोनेला सोडला. गाठी वाढल्या, उंदीर लवकर दगावले. आयएल-17 हा दाह भडकवणारा रेणू अडवल्यावर मात्र गाठींची वाढ मंदावली.

त्याआधी 2019 मध्ये एमआयटीच्या टायलर जॅक्स यांच्या गटानेही हाच धागा पकडला होता. गाठी होतील अशी जनुकीय रचना केलेल्या उंदरांना जंतुमुक्त वाढवलं किंवा अँटिबायोटिक दिलं, तेव्हा गाठी कमी झाल्या.

म्हणून कुणी मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, हे कळकळीने सांगते. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसात जीवाणू आधी की गाठ आधी, हा गुंता सुटलेला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं मुख्य कारण अजूनही तंबाखूचा धूरच आहे.