भिंतीतली भेग आणि तिचा भाडेकरू

लोणारची ट्रीप ठरली की होस्टेलमध्ये दोन रात्री कोणी झोपत नाही. जिंतूर, मंठा करत बस पोचते, आणि काठावर उभं राहून प्रत्येकजण "बाप रे!" म्हणतो. म्हणायलाच पाहिजे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खड्डा उल्केने थेट बेसाल्ट खडकात पाडलाय.

पण मित्रांनो, तोच बेसाल्ट इथे परभणीतही आपल्या पायाखाली आहे! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. गावाकडे विहिरीत डोकावून पाहा (जपून). वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, आणि कुठे कुठे मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा. एक थर थंड झाला, झिजला, मग त्यावर दुसरा आला; मधल्या काळाची ती खूण.

हा खडक झिजूनच आपली काळी माती झाली. कापूस-ज्वारीची ती माय, पण घराची वैरीण. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मे महिन्यात शेतातल्या भेगेत अख्खा हात जातो. मग उथळ पायाची काय कथा? आमच्या घराची भेग आई दर दिवाळीला बुजवते, ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर. सिव्हिलवाले 'अंडर-रीम्ड पाईल' पाठ करतात ना, ती रुरकीच्या सीबीआरआयने अशा मातीसाठीच विकसित केली. तिचा फुगीर भाग इतका खोल असतो की तिथला ओलावा फारसा बदलत नाही. घर त्या स्थिर मातीला धरून राहतं.

माझ्या रूमच्या भिंतीतही अशीच एक भेग आहे आणि तिच्यात एक कोळी राहतो. भाडं देत नाही, पण डास खातो. हा जाळं विणून वाट बघणाऱ्यांपैकी नाही. मांजरासारखा दबा धरतो आणि झेप घेतो. आठ डोळे, त्यातले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. पेन जवळ नेलं की वळून बघतो!

मेकॅनिकलवाल्यांनो, खरी गंमत त्याच्या पायांत आहे. कोळ्याच्या पायातले मुख्य सांधे मिटायला स्नायू असतात, उघडायला नसतात. पाय ताठ होतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. म्हणजे चक्क हायड्रॉलिक्स! म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले दिसतात: दाब गेला, स्नायूंचा ताण उरला. 2022 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी मेलेल्या कोळ्यात सुईने हवा भरून त्याचा चिमटा केला. हवा भरली की पाय उघडतात, काढली की वस्तू पकडतात. ऐकायला किळसवाणं, पण डोकं बघा!

आता बाहेर या. बाभळीच्या काट्यांत मळकट कापसाच्या बोळ्यासारखं काही अडकलेलं दिसलं, तर कचरा समजून काठी घालू नका. ती सामाजिक कोळ्यांची वसाहत असू शकते. कोळी म्हणजे एकलकोंडा प्राणी, पण हे शेकड्याने एकत्र राहतात, एकच जाळं सांभाळतात आणि मोठा किडा सापडला की सगळे मिळून ओढतात. मेसमध्ये ताट वाढायची वेळ झाली की आपण जसे जातो, तसेच.