घसरणारी मोटार आणि तिचे टायर



मोटार घसरली म्हणजे चालकाचे चुकले, असे आपण धरून चालतो. आणि घाटातून प्रवास करणाऱ्या माणसाने तसे धरून चालावे हे योग्यच आहे. परंतु मोटार मुद्दाम घसरवावयाची, घसरत असतानाच ती ताब्यात ठेवावयाची, आणि हे ज्याला उत्तम साधेल त्याला बक्षीस द्यावयाचे, असा एक खेळ आज जगात चांगला रुजला आहे. त्याला ड्रिफ्टिंग म्हणतात. त्याचाच एक दांडगट भाऊबंद आहे, त्याचे नाव बर्नआउट. या दोहोंविषयी आज बोलावयाचे आहे, पण माझा खरा विषय आहे टायर. मोटारीचे सगळे वजन चार जागी रस्त्याला टेकते आणि त्यांतील प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते. हा सारा खेळ त्या चार तळहातांचा आहे.

ड्रिफ्टिंगचे माहेर जपान. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकलवरचा वीर; १९६१ साली पश्चिम जर्मनीतील शर्यत जिंकून, मोटारसायकलींच्या जागतिक स्पर्धेत शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी ठरला. पुढे तो मोटारींच्या शर्यतीकडे वळला आणि १९७० नंतरच्या दशकात वळणावर गाडी तिरकी करून, घसरवत बाहेर काढण्याची त्याची रीत प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरली. ती रीत उचलली केइची त्सुचिया याने. त्याने ती डोंगरांतल्या नागमोडी रस्त्यांवर घोटली, आणि १९८७ साली त्याच्या कसबाची एक चित्रफीत निघाली, तेव्हा तरुणांना वेडच लागले. डोंगररस्त्यांवरील ती हुल्लड अर्थातच बेकायदेशीर होती आणि जीवघेणीही होती. तिला कुंपणाच्या आत आणावयास २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी जपानात या खेळाची धंदेवाईक स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेत ती २००४ साली आली. या स्पर्धेत घड्याळ महत्त्वाचे नसते. गाडी किती तिरकी झाली, ठरवून दिलेल्या मार्गावरून गेली की नाही, वेग टिकला की नाही, हे परीक्षक पाहतात. नंतर जोड्या लावतात: एक पुढे घसरत जातो आणि दुसऱ्याने त्याला चिकटून, तितकेच तिरके, मागे जावयाचे.

आता हे घडते कसे ते पाहू. टायरची पकड ही एखाद्या बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाच्या पगारासारखी असते. रक्कम एकच, खर्च दोन. गाडीला पुढे ढकलणे किंवा थांबविणे हा एक, आणि वळणावर तिला बाहेर फेकली जाऊ न देणे हा दुसरा. चालकाने वळणावर इंजिनाचा जोर एकदम वाढविला की मागची चाके जागच्या जागी भरभर फिरू लागतात. सगळा पगार पहिल्याच खर्चात जातो आणि दुसऱ्यासाठी गाठीला फारसे काही उरत नाही. मग गाडीची शेपूट बाहेर जाते. वळण उजवे असेल तर शेपूट डावीकडे निघते, आणि चालक स्टिअरिंगही डावीकडे, म्हणजे वळणाच्या उलट, फिरवितो. ही क्रिया फक्त मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीतच नीट साधते. घसरणारे रबर रस्त्याला अगदीच सोडून देत नाही, ते खरवडत ओढ देतच असते, आणि त्या उरलेल्या ओढीवर चालक पायाच्या चवड्याने हुकूमत ठेवतो. त्याने घाबरून पाय एकदम उचलला तर मागचे टायर अवचित पकड घेतात आणि गाडी दुसऱ्या बाजूला झटका मारते. नवशिक्याची गाडी भिंतीवर जाते ती पुष्कळदा या झटक्यानेच.

माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीला मी हे सांगत होतो. तो म्हणाला, "मग सोपं आहे की साहेब! चारी टायर गोटा झालेले टाकायचे, गाडी आपोआप घसरेल." घसरेल खरी, पण कोणत्या दिशेने ते विचारू नये. मागची चाके घसरत असताना गाडीला दिशा देणारे उरतात ते फक्त पुढचे दोन टायर. म्हणून पुढे आपल्याजवळचे उत्तमोत्तम, ताजे, मऊ रबराचे टायर घालावयाचे. पैसे वाचवावयाचे असतील तर ते मागे वाचवावेत, आणि तेही बेताने.

मागच्या टायरचे गणित इंजिनावर अवलंबून आहे. टोयोटाची १९८३ साली निघालेली ८६ या आकड्याने ओळखली जाणारी गाडी या खेळात लाडकी झाली, पण तिचे इंजिन सुमारे १३० अश्वशक्तीचे. अशा गाडीला मागे रुंद आणि चिकट टायर घातले तर ती घसरणारच नाही. तिला अरुंद, कठीण रबराचे टायर हवेत. मग कमी वेगातही ती घसरते आणि शिकणाराची चूक स्वस्तात सुटते. उलट आजच्या मोठ्या स्पर्धांतील काही गाड्या हजार अश्वशक्तीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्या मागच्या चाकांनाही चिकट टायर असतात, हे ऐकून नवल वाटेल. पण घसरत असतानासुद्धा पुढच्या गाडीला गाठावयाचे असते, आणि पकडीवाचून गाडी पुढे जाणार कशी? तेव्हा आपले इंजिन जेवढी पकड मोडू शकेल, तेवढी मागे असावी, हा खरा नियम. शिवाय ती पकड हळूहळू सुटणारी आणि हळूहळू परत येणारी हवी, टायर तापल्यावरही. चार फेऱ्यांनंतर निराळाच वागू लागणारा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

दुकानात टायरच्या बाजूवरील आकडे वाचावेत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर झिजेचा एक अंक असतो. १०० हा पाया धरला तर २०० अंकाचा टायर ठराविक चाचणीत त्याच्या दुप्पट टिकतो. मोठा अंक म्हणजे बहुधा कठीण रबर. पण हा अंक कारखानदार स्वतःच ठरवितो, आणि तो झिजेचा अंक आहे, पकडीचा नव्हे. तेव्हा दोन निरनिराळ्या कारखान्यांचे अंक शेजारी ठेवून फार हिशेब मांडू नये. चार आकड्यांची एक तारीखही असते: २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. टायर नवा दिसला तरी रबर वयाने कडक होते. आणि वेगाचे एक इंग्रजी अक्षर असते. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. या अक्षराकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि बर्नआउटमध्ये तेच अक्षर पाहावयाचे असते.

बर्नआउटचा उगम सरळ रेषेतल्या आखूड शर्यतींत आहे. शर्यतीपूर्वी पुढचे ब्रेक धरून मागची चाके फिरवावयाची. त्यामुळे टायर तापतात, साफ होतात आणि चिकट बनतात. तिथे त्याला कारण आहे. ऑस्ट्रेलियात मात्र त्या तयारीचाच तमाशा झाला. कॅनबेरा येथे १९८८ पासून भरणाऱ्या समरनॅट्स या मोटारींच्या जत्रेत बर्नआउट ही स्वतंत्र स्पर्धा असते. भिंतींनी वेढलेल्या अंगणात धूर किती लवकर निघतो, किती दाट निघतो, आणि त्या धुरात गाडी भिंतीला न लागता कशी फिरते, यावर गुण मिळतात. टायर फुटेपर्यंत फिरविण्यात प्रेक्षकांना आनंद वाटतो. मला स्वतःला ड्रिफ्टिंगमध्ये कला दिसते. बर्नआउटमध्ये ती मला कमी दिसते, आणि तापून वाफ झालेल्या रबराचा व तेलाचा तो पांढरा धूर छातीत घेण्यासारखा नाही. पण तिथे जाणारांनी निदान टायर तरी नीट निवडावेत.

कारण असे की, गाडी उभी असली तरी चाक उभे नसते. वेगाचा काटा ताशी १८० दाखवीत असेल तर टायरचा पृष्ठभाग सेकंदाला ५० मीटर धावत असतो. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरा. त्यावरील दहा ग्रॅमचा रबराचा तुकडा बाहेर सुटण्यासाठी सुमारे साडेआठ किलोच्या वजनाएवढी ओढ घेत असतो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट. भंगारातून आणलेला जुना किंवा रिमोल्ड टायर या ओढीपुढे पापुद्र्यासारखा सुटतो, आणि आतला पोलादी पट्टा चाबकासारखा फिरून गाडीचा पत्राही फाडतो. जळून फेकावयाचाच आहे म्हणून वाटेल तो टायर घालावा, हा समज म्हणूनच फसवा आहे.

हा धोका अंगणापुरता नाही. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी चिखलात रुतते, एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे जागचे हलत नाही. साध्या गाडीत अशा वेळी फिरणाऱ्या चाकाचा वेग काट्यावरील आकड्याच्या दुप्पट असतो. काटा ८० दाखवितो, तेव्हा ते चाक १६० ने फिरत असते, आणि आपण त्याला अधिकच जोर देतो. टायर बनविणाऱ्यांच्या सूचनापत्रकांत अशा वेळी काटा ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरच्या, वर जाऊ देऊ नये असे लिहिलेले आढळते. मागून गाडी ढकलणारी मंडळी त्या वेळी नेमकी त्या चाकाजवळच उभी असतात. त्यांना आधी बाजूला करावे, चाकाखाली फळी किंवा पोते घालावे, आणि जोर हलकेच द्यावा.