घरातील व्यक्तीचे हिपॅटायटिस ‘सी’वरील उपचार : कुटुंबीयांसाठी माहिती

आपल्या घरातील व्यक्तीस हिपॅटायटिस ‘सी’ असल्याचे निदान झाले असेल, किंवा तिचे उपचार सुरू झाले असतील, तर हे पत्रक आपल्यासाठी आहे. रुग्णास डॉक्टर सूचना देतातच. परंतु गोळीची आठवण करून देणारे, ताट वाढणारे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या प्रश्नांना तोंड देणारे आपणच असता.

हा आजार नेहमीच्या काविळीहून वेगळा आहे

यकृताच्या कोणत्याही विकारास ‘कावीळ’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दूषित पाणी व अन्न यांतून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ‘ए’ व ‘ई’, बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. हिपॅटायटिस ‘सी’चा विषाणू मात्र रक्तावाटे पसरतो. काही जणांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो, पण बहुतेकांच्या यकृतात तो वर्षानुवर्षे राहतो. या काळात डोळे पिवळे होतीलच असे नाही. रुग्ण धडधाकट दिसतो, कामावर जातो, आणि यकृताचा मऊ भाग हळूहळू कठीण होत जातो. सुमारे २० वर्षांत अशा रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के जणांस सिऱ्होसिस होण्याचा धोका असतो. त्यातून पुढे जलोदर, रक्ताची उलटी किंवा यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. ‘त्रास काहीच नाही, मग औषध कशासाठी?’ असे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारल्यास त्यांना हे समजावून सांगावे.

‘हा आजार कोठून आला?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि त्यामागे पुष्कळदा संशय असतो. या विषाणूची ओळखच मुळी १९८९ मध्ये पटली. रक्तपेढ्यांतील रक्ताची त्यासाठीची तपासणी आपल्या देशात या शतकाच्या सुरुवातीस बंधनकारक झाली. त्यापूर्वी बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत चढविलेले रक्त, नीट न उकळलेली इंजेक्शनची सुई, जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणे, न्हाव्याचा तोच तो वस्तरा, डायलिसिस, नशेसाठी वापरलेली सामाईक सुई, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. पती-पत्नींमध्ये शरीरसंबंधातून हा आजार क्वचितच पसरतो. निदान झाले म्हणून सुनेस माहेरी पाठविणे किंवा पतीच्या चारित्र्याविषयी शंका घेणे याला वैद्यकशास्त्रात कोणताही आधार नाही.

उपचार

पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरातील कोणी या आजारासाठी इंजेक्शने घेतलेली आपण पाहिली असतील. ती अनेक महिने घ्यावी लागत. ताप, अशक्तपणा व उदासीनता यांनी रुग्ण हैराण होई, आणि तरीही अनेकांस गुण येत नसे. आता ती पद्धत मागे पडली आहे. आज बहुतेक रुग्णांस सोफोसबुविर व डॅक्लाटासविर या गोळ्या रोज एकदा, अशा १२ आठवडे घ्याव्या लागतात. सिऱ्होसिस झालेल्यांस सोफोसबुविरसोबत वेलपाटासविर देतात; यकृत फारच अशक्त झाले असेल, तर रिबाविरिन जोडतात किंवा उपचार २४ आठवड्यांपर्यंत वाढवितात. पूर्ण उपचार घेतलेल्या १०० रुग्णांपैकी ९० हून अधिक जण विषाणूमुक्त होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत या तपासण्या व औषधे सरकारी उपचार केंद्रांत विनामूल्य मिळतात.

उपचारापूर्वी दोन तपासण्या होतात आणि त्यांत घरच्यांचा पुष्कळदा गोंधळ होतो. पहिली तपासणी प्रतिपिंडांची. ती फक्त इतकेच सांगते की विषाणू केव्हातरी शरीरात आला होता. दुसरी, म्हणजे ‘व्हायरल लोड’, विषाणू आज रक्तात आहे की नाही हे सांगते. औषध द्यावयाचे की नाही हे तिच्यावरून ठरते. हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणीही याच वेळी करतात. तो विषाणू सुप्तावस्थेत असेल, तर ‘सी’वरील औषधांच्या काळात तो पुन्हा उसळू शकतो.

१२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. औषध एका वेळी २८ दिवसांचे मिळते. पहिली बाटली संपेपर्यंत रुग्णास बरे वाटू लागते आणि शेतीची कामे, परगावचे लग्न किंवा बुडणारी मजुरी यांपायी दुसरी बाटली आणण्याचे राहून जाते. उपचार बहुधा येथेच फसतात. अर्धवट उपचारांनी विषाणू पुन्हा वाढतो, आणि पुढच्या खेपेस त्याच औषधांना दाद देईलच याचा भरवसा नसतो. बाटलीत ५-६ गोळ्या उरल्या असतानाच पुढील औषध आणावे. परगावी जावयाचे असल्यास केंद्रात आधीच कळवावे. एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली, तर लगेच घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवल्यास नेहमीची एकच मात्रा घ्यावी, दुप्पट घेऊ नये.

रुग्ण आधीपासून जी औषधे घेत असेल ती सर्व, आम्लपित्ताच्या साध्या गोळीसह, डॉक्टरांस दाखवावीत. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांमुळे वेलपाटासविर शरीरात नीट शोषले जात नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन व फेफऱ्यावरील काही औषधे या गोळ्यांचा परिणाम कमी करतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमिओडॅरोन सोफोसबुविरसोबत घेणे धोक्याचे ठरू शकते. काविळीवरचा झाडपाला किंवा घरगुती काढा या काळात देऊ नये. त्यांतील काही द्रव्ये यकृतासच अपाय करतात.

डोकेदुखी, थकवा, किंचित मळमळ एवढा त्रास होऊ शकतो. त्यासाठी गोळ्या बंद करू नयेत. मात्र डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, काळी शौच, रक्ताची उलटी, किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. स्त्री गरोदर असेल, तर उपचार सहसा प्रसूतीनंतर सुरू करतात. रिबाविरिन घेणारा रुग्ण स्त्री असो वा पुरुष, उपचारकाळात व त्यानंतर सहा महिने गर्भधारणा कटाक्षाने टाळावी, कारण या औषधाने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते.

घरातील वागणूक

रुग्णाचे ताट, वाटी, अंथरूण वेगळे करण्याची आवश्यकता नाही. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने किंवा एकच स्नानगृह वापरल्याने हा आजार होत नाही. रुग्ण घरातील स्वयंपाकही करू शकतो. आई बाळास अंगावर पाजू शकते. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल, तर तेवढे दिवस थांबावे. वेगळे ठेवावयाचे ते ज्यास रक्त लागू शकते तेच : दाढीचे ब्लेड, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे यंत्र, घरी साखर तपासण्याची सुई. जखमेतून रक्त सांडल्यास हातमोजे घालून पुसावे व जागा ब्लीचिंगच्या द्रावणाने स्वच्छ करावी.

तेल आणि हळद वर्ज्य करून उकडलेले, बेचव अन्न देण्याची प्रथा अनेक घरांत आहे. हळदीचा पिवळा रंग पाहून ती लागू केली गेली असावी. या आजारात तिचा उपयोग नाही. वरण, भाकरी, दूध, अंडी असा नेहमीचा सकस आहार द्यावा. पोटात पाणी झालेल्यांस मीठ किती द्यावे हे डॉक्टर ठरवतील. दारू मात्र पूर्णपणे बंद असावी, सणासुदीसही.

औषध संपल्यानंतर

शेवटची गोळी घेतल्यावर बरे झाल्याचे लगेच ठरत नाही. त्यानंतर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड पुन्हा तपासतात. त्यात विषाणू आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला. या तपासणीस अनेक जण फिरकतच नाहीत. प्रतिपिंडांची तपासणी मात्र पुढेही बहुधा आयुष्यभर ‘पॉझिटिव्ह’ येत राहते. नोकरीच्या किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत तसे आल्यास घाबरू नये, व्हायरल लोडचा शेवटचा अहवाल दाखवावा. म्हणून तो जपून ठेवावा. एकदा बरे झाल्याने संरक्षण मिळत नाही. दूषित सुईने पुन्हा लागण होऊ शकते. या आजारावर लस नाही. हिपॅटायटिस ‘बी’वर आहे, आणि ती कुटुंबातील सर्वांनी घेणे हिताचे आहे.

आई रुग्ण असेल, तर तिच्या मुलांची तपासणी करून घ्यावी. तान्ह्या बाळाची प्रतिपिंड तपासणी १८ महिन्यांनंतर करतात, कारण त्यापूर्वी आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात आढळू शकतात. सिऱ्होसिस झालेल्या रुग्णाने विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. पुढील सोनोग्राफीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी.